क्रोमवर आळ घेण्याआधी आत डोकावून बघा

वाचकांचे प्रश्न, या वेळचा विषय: ब्राऊझर, मेमरी आणि बॅटरी

या महिन्यात बहुतेक मेल एकाच तक्रारीचे आलेत. ब्राऊझर उघडला की मशीन मंद होतं, पंखा ओरडायला लागतो, लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाही इतका तापतो आणि सकाळी फुल चार्ज केलेली बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पण टिकत नाही. सगळे छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडलेत, नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त गावं दिलीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नको. मेमरी जास्त खाणं आणि बॅटरी जास्त खाणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्या सर्रास एकत्र करतात. मेमरी म्हणजे टॅबने रॅममध्ये किती जागा अडवून ठेवलीय, आणि बॅटरी जाते ती मुख्यतः तो टॅब प्रोसेसरकडून किती काम करून घेतोय त्यावर. ५०० एमबी अडवून गप्प पडलेला टॅब बॅटरीचं फारसं काही बिघडवत नाही, उलट एखादं एवढंसं पान, ज्यात कोपऱ्यात एक जाहिरात सारखी नाचतेय, ते बॅटरी घटाघटा पितं. त्यामुळे आधी ठरवा की तुमचं दुखणं यातलं कुठलं.

प्रश्न: सर, माझा लॅपटॉप विंडोज १० वाला आहे, रॅम ४ जीबी. शाळेचं ऑनलाईन काम भरपूर असतं, मार्क भरणं, माहिती भरणं वगैरे. मी क्रोम एकदाच उघडते पण टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर क्रोम, क्रोम, क्रोम अशी वीसेक नावं दिसतात. पुतण्या म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारू देऊ का?
(एक शिक्षिका, सातारा)

उत्तर: मॅडम, अजिबात नको. पुतण्याची हौस समजू शकतो पण हा व्हायरस नाहीये, क्रोम २००८ च्या सप्टेंबरात आला तेव्हापासून तो असाच आहे. त्याआधी ब्राऊझर म्हणजे एकत्र कुटुंब असायचं, सगळ्यांचं एकाच चुलीवर, एक पान अडकलं की अख्खा ब्राऊझर आडवा आणि दुसऱ्या टॅबमधला अर्धा भरलेला फॉर्म पण त्याच्याबरोबर गेला. क्रोमने प्रत्येकाची चूल वेगळी मांडली, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र चालणारी वेगळी प्रोसेस दिली, तीच वीस नावं तुम्हाला दिसतात. त्याने भांडणं कमी झाली पण सरपण जास्त लागायला लागलं, आणि तुमच्या ४ जीबीत तेच टोचतंय. पुढे २०१८ ला स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली भानगड बाहेर आली, म्हणजे एका साईटचा कोड दुसऱ्या साईटची माहिती चोरून वाचू शकेल अशी शक्यता, तेव्हा क्रोमने वेगवेगळ्या साईट सक्तीने वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकायला सुरुवात केली, आणि यामुळे मेमरी साधारण १० ते १३ टक्के जास्त लागेल हे गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे एकच बातमीचं पान उघडलं तरी त्यातल्या जाहिराती दुसऱ्या साईटवरून येतात म्हणून त्यांची वेगळी प्रोसेस दिसणार, प्रत्येक एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राऊझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, वेगळी दिसणार. वीस आहेत का तीस आहेत याला काही अर्थ नाही.

अर्थ आहे तो त्यातलं कोण किती घेतंय याला, आणि ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये धड कळत नाही कारण तिथे सगळी नावं सारखीच. क्रोमचा स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर आहे. क्रोम उघडा असताना शिफ्ट दाबून एस्केप दाबा, किंवा वरच्या तीन टिंबांत मोअर टूल्समध्ये जा, तिथे टॅबचं नाव, एक्स्टेन्शनचं नाव सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं. मेमरी लिहिलेल्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो. तो नको असेल तर निवडून एंड प्रोसेस करा, पान मरतं आणि तिथे एक रडका चेहरा दिसतो, रिलोड केलं की परत येतं. फक्त एक, त्या पानात मार्क भरून सेव्ह केले नसतील तर ते जातील, म्हणून आधी सेव्ह करा मग मारा.

मग सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी सेव्हर चालू करा. हे २०२२ च्या शेवटी आलं. तुम्ही बराच वेळ न बघितलेले टॅब ते झोपवतं, नाव वर दिसत राहतं पण मेमरी मोकळी होते, क्लिक केलं की पान नव्याने लोड होतं. गाणं चालू असलेला टॅब किंवा अर्धवट भरलेला फॉर्म असला तर सहसा त्याला हात लावत नाही. तरी शाळेच्या पोर्टलसारखी साईट, जिच्यात सेशन (चालू लॉगिन) गेलं की सगळं पहिल्यापासून, ती तिथेच खाली 'या साईट कायम चालू ठेवा' अशा यादीत टाकून द्या, जीवाला घोर नको.

हे सगळं करून पण ४ जीबी ते ४ जीबीच. विंडोजच सुरू झाल्या झाल्या त्यातला मोठा वाटा घेतं, उरलेल्यात क्रोम बसतो, आणि जागा संपली की विंडोज मेमरीतला माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. डिस्क जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिथेच सगळं रांगायला लागतं, एका क्लिकला चहा होऊन येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका आणि मॉडेलमध्ये रॅमचा स्लॉट असेल तर ८ जीबी करून घ्या, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते तिथे वाढत नाही, दुकानदाराला आधी विचारा. फॉरमॅटने आठवडाभर बरं वाटेल, मग परत तेच.

प्रश्न: मी घरून अनुवादाचं काम करते. मॅकबुक एअर आहे, ८ जीबी. काम करता करता सफारीत वर एक पट्टी येते की हे वेबपेज खूप एनर्जी वापरतंय, बंद केलं तर मॅक नीट चालेल. कधी एनर्जी ऐवजी मेमरी असं लिहिलेलं असतं. मी पट्टी बंद करते आणि काम करत राहते. घाबरायचं कारण आहे का? बॅटरी मात्र पूर्वीसारखी टिकत नाही.
(एक अनुवादक, बेंगळुरू)

उत्तर: घाबरायचं कारण नाही पण पट्टी वाचून सोडून द्यायची नाही, कारण ती नेमकी त्याच टॅबबद्दल बोलत असते. एनर्जीची पट्टी आली म्हणजे ते पान प्रोसेसरला सारखं कामाला लावतंय. मेमरीची आली म्हणजे पान फुगलंय, ते बंद करून परत उघडलं की बहुतेक वेळा खाली येतं, मोठमोठ्या ऑनलाईन शीट, दिवसभर उघडा ठेवलेला मेल, यांचं असं होतं कारण ती पानं तासन् तास रिलोडच होत नाहीत.

खात्री करायची तर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर (मॅकमधला टास्क मॅनेजर) उघडा. त्यात एनर्जी नावाचा भाग आहे, तिथे आत्ता कोण किती ओढतंय आणि गेल्या १२ तासात कोणी किती ओढलं असे दोन रकाने दिसतात. दुसरा रकाना बघा, तो खरा साक्षीदार, कारण पहिला दर काही सेकंदांनी बदलतो आणि तुम्ही बघायला गेलात की नेमकं सगळं शांत असतं. मग सीपीयूच्या भागात जा, तिथे सफारीच्या पानांचे पत्तेच नाव म्हणून लिहिलेले असतात, कुठलं पान आहे ते शोधायला लागत नाही. मेमरीच्या भागात मात्र किती जीबी वापरली तो आकडा बघून बीपी वाढवून घेऊ नका. मॅक मोकळी मेमरी मोकळी ठेवतच नाही, काहीतरी भरून ठेवतो, आणि २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या सिस्टिमपासून तो मेमरी दाबून पण बसवतो. खाली मेमरी प्रेशरचा छोटा आलेख असतो, तो हिरवा असेल तर खुशाल काम करा, पिवळा झाला तर टॅब कमी करा, लाल झाला तर सेव्ह करून सफारी बंदच करा.

आता बंद करण्यावरून. विंडोजवरून मॅकवर आलेल्यांचं हमखास हे होतं की लाल गोळा दाबला की त्यांना वाटतं सफारी बंद झाला. फक्त खिडकी बंद होते हो, अ‍ॅप आत चालूच राहतं. कमांड आणि क्यू दाबा. दोन ब्राऊझर वापरत असाल, एक कामाला एक घरचा, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही आत ठाण मांडून असतात का ते तपासा.

कुठली पानं एनर्जी खातात ते साधारण ठरलेलं आहे. क्रिकेटचा लाईव्ह स्कोअर, आपोआप चालू होणारे व्हिडिओ लावलेली बातम्यांची पानं, शेअरचे हलते आलेख, चालू राहिलेला व्हिडिओ कॉल. मागे पडलेला टॅब तितका वाईट नसतो कारण ब्राऊझर त्याचा वेग स्वतःच आवळतात, क्रोमने २०१७ पासून ते सुरू केलं आणि २०२१ ला आणखी कडक केलं, पाच मिनिटं लपलेल्या आणि आवाज नसलेल्या टॅबला बरीच कामं मिनिटातून एकदाच करू देतात. पण तोच स्कोअरचा टॅब तुम्ही वेगळ्या खिडकीत काढून स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडा ठेवलात तर ब्राऊझरच्या लेखी तो तुम्ही बघताय, मग त्याला कोण अडवणार. तुम्ही डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे अनुवाद आणि मागे अजून तीन खिडक्या असं करत असणार, अनुवाद करणारे सगळे तसंच करतात, तर त्यातल्या नको त्या मिनिमाईज करा. सफारीच्या सेटिंग्जमध्ये वेबसाईट्समध्ये ऑटो प्ले आहे तिथे सगळ्या साईटना 'कधीच नाही' करा, एवढ्याने पण चांगला फरक पडतो.

आणि हे करूनही बॅटरी टिकत नसेल तर सफारी निर्दोष आहे असं समजा आणि सिस्टिम सेटिंग्जमध्ये बॅटरीची हेल्थ बघा. आताच्या मॅकबुकच्या बॅटऱ्या १००० चार्ज सायकलपर्यंत ८० टक्के क्षमता राहावी अशा बनवलेल्या असतात, तिथे 'सर्व्हिस रेकमेंडेड' लिहून आलं असेल तर टॅब बंद करून काय होणार.

प्रश्न: दादा माझं सेवा केंद्र आहे, तीन कॉम्प्युटर, दोन विंडोज १० आणि एक अजून विंडोज ७ वर. दिवसभर लोकांचे फॉर्म, उतारे, दाखले, स्कॉलरशिपचे अर्ज चालू असतात. दुपारनंतर तिन्ही मशीन दमतात. ब्राऊझर बंद असला तरी खाली कोपऱ्यात जाहिराती येत राहतात, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे वगैरे. एकाने रॅम क्लीनर टाकून दिला, पैसे घेतले, पण दोन दिवसांनी होतं तसंच. काय करू?
(एक केंद्रचालक, परभणी)

उत्तर: दादा, सगळ्यात आधी तो रॅम क्लीनर काढून टाका, ती शुद्ध बनवाबनवी आहे. ते करतं एवढंच की चालू असलेल्या प्रोग्रॅमची मेमरी जबरदस्तीने रिकामी करायला लावतं, काटा खाली आलेला दिसतो, तुम्हाला बरं वाटतं, आणि पुढच्या क्लिकला तोच सगळा माल परत उचलून आणावा लागतो, म्हणजे मशीन आणखी दमलं.

तुमच्याकडे खरी गडबड दुसरीच आहे असं मला वाटतं. गिऱ्हाईक येतं, ओटीपी हवा, मेल उघडायचाय, म्हणून तुमच्या क्रोममध्ये स्वतःचं गूगल खातं टाकतं, क्रोम विचारतो सिंक (त्या खात्यातलं सगळं या मशीनवर आणणं) चालू करू का, तो घाईत हो म्हणतो, आणि त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरची एक्स्टेन्शनं तुमच्या मशीनवर येऊन बसतात. कूपन शोधणारं, व्हिडिओ डाऊनलोड करणारं, कुठल्या देवाचा वॉलपेपर दाखवणारं. ही एक्स्टेन्शनं बऱ्याचदा उघडलेल्या प्रत्येक पानात स्वतःचा कोड घुसवतात, दहा टॅब असले की दहा ठिकाणी. त्यात फॉर्म भरताना लोकांचा आधार नंबर, बँक खातं, सगळं त्या पानावर असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तर गिऱ्हाईकाच्या कामाला क्रोमचं गेस्ट मोड वापरा, वर प्रोफाईलच्या गोल चित्रावर क्लिक केलं की खाली गेस्ट आहे, त्यात कुठलंही एक्स्टेन्शन चालत नाही आणि सगळ्या गेस्ट खिडक्या बंद केल्या की त्याचं लॉगिन वगैरे सगळं पुसलं जातं. डाऊनलोड केलेली पीडीएफ मात्र फोल्डरमध्ये राहते, ती हाताने काढायची. ज्या कामाला एखादं एक्स्टेन्शन लागतंच त्यासाठी तुमचं वेगळं प्रोफाईल ठेवा, त्यात तेवढंच एक, बाकी काही नाही.

कोपऱ्यातल्या जाहिराती व्हायरसच्या नसतात बहुतेक. कुणीतरी कधीतरी एखाद्या साईटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, 'पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा' असं लिहिलेलं असतं ना, तीच. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे जी यादी दिसेल त्यातलं ओळखीचं नसलेलं सगळं काढा, खरं तर सगळंच काढा, सेवा केंद्रात कोणाची नोटिफिकेशन हवीय. ब्राऊझर बंद असताना पण येतात कारण सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राऊंड अ‍ॅप चालू ठेवायचं एक बटण आहे, ते बंद करा. एजमध्ये पण तसंच बटण आहे, आणि वर स्टार्टअप बूस्ट नावाचं अजून एक, ते पण बंद करा, ४ जीबीच्या मशीनला त्याचा बूस्ट नको.

एक्स्टेन्शनबद्दल अजून एक किस्सा सांगतो, टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन होतं, खूप लोकप्रिय, लाखो लोक वापरायचे, आणि खरंच चांगलं होतं. मूळ बनवणाऱ्याने २०२० ला ते दुसऱ्याला विकलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने त्यात मालवेअर आहे म्हणून ते सगळ्यांच्या क्रोममधून बंद करून टाकलं. म्हणजे मेमरी वाचवायला घेतलेलंच घातक निघालं. आता हेच काम क्रोम स्वतः करतो तेव्हा बाहेरचं काही टाकायचं कारणच उरलेलं नाही. तसंच २०१७ ते २०१९ कॉइनहाईव्ह म्हणून एक प्रकार होता, साईटवाले त्याचा कोड पानात टाकायचे आणि तुम्ही ते पान उघडलं की तुमचा प्रोसेसर त्यांच्यासाठी मोनेरो नावाचं क्रिप्टो, म्हणजे डिजिटल चलन, खणत बसायचा. ती कंपनी बंद झाली पण ती कल्पना काही मेलेली नाही, फुकट सिनेमावाल्या साईटवर असा माल सापडू शकतो, क्रोमच्या टास्क मॅनेजरमध्ये एखादं साधं पान सीपीयू धरूनच बसलेलं दिसलं तर ताबडतोब बंद.

रात्री तुम्ही शटडाऊन करता पण विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पूर्ण बंद होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. म्हणून मधे मधे शटडाऊन ऐवजी रीस्टार्ट करा, तेव्हाच सगळं कोरं होतं. विंडोज ७ वाल्या मशीनवर क्रोम १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जातच नाही, २०२३ पासून तो तिथेच अडकलाय, लोकांच्या बँकेची कामं त्या मशीनवर करू नका, झेरॉक्स आणि प्रिंटिंगला ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे नवीन मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. सेकंड हॅण्ड लॅपटॉप घेतला, आय ५, सहावी जनरेशन, ८ जीबी, एसएसडी. बाकी मस्त आहे पण यूट्यूबवर लेक्चर लावलं की पंखा विमानासारखा. मेमरी अर्धी पण भरत नाही.
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: तुझा प्रश्न मला आवडला कारण तू मेमरी बघून घेतलीस. हा व्हिडिओ उलगडण्याचा मामला आहे. यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून पाठवतं, डेटा वाचतो, पण ते उलगडायला ग्राफिक्स चिपमध्ये सोय नसेल तर सगळं काम प्रोसेसरच्या अंगावर येतं. इंटेलमध्ये व्हीपी९ ची नीट सोय सातव्या जनरेशनपासून आणि एव्ही१ ची अकराव्यापासून आहे, तुझी सहावी, नेमकी एक पायरी खाली. व्हिडिओवर राईट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघड, कोडेक्सच्या ओळीत काय आहे ते दिसेल. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्स चिप) जा आणि व्हिडिओ डिकोडचा आलेख बघ, व्हिडिओ चालू असून तो सपाट असेल तर प्रोसेसर एकटा राबतोय.

आधी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक्स चिपला कामाला लावणारी सोय) चालू आहे ना बघ, सेकंड हॅण्ड मशीनवर आधीच्याने बंद करून ठेवलेलं असू शकतं. ड्रायव्हर अपडेट कर. तरी तेच असेल तर एनहान्स्ड एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते यूट्यूबला जुन्या एच२६४ पद्धतीतच व्हिडिओ द्यायला लावतं, तुझी चिप ते आरामात उलगडते. त्यात १०८० च्या वर क्वालिटी मिळत नाही पण फळ्यावरचं लेक्चर बघायला ७२० पण पुरतं. वर मी एक्स्टेन्शनला शिव्या घातल्यात आणि इथे एक सुचवतोय, हो, कारण इथे त्याला खरंच काम आहे. उपयोग संपला की काढून टाक.

प्रश्न: क्रोम सोडून दुसरा ब्राऊझर घेतला तर हे सगळं मिटेल का? मुलगी म्हणते ब्रेव्ह घे, नवरा म्हणतो एज.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: एज २०२० च्या जानेवारीपासून क्रोमच्याच क्रोमियम इंजिनवर चालतो, ब्रेव्ह, ओपेरा, विवाल्डी पण त्यावरच. म्हणजे तेच चाळीस टॅब तिकडे उघडलेत तर मेमरीत जादू काही होणार नाही. एजमधले स्लीपिंग टॅब चांगले आहेत, ब्रेव्ह जाहिराती मुळातच अडवतो त्यामुळे बातम्यांच्या साईट हलक्या होतात, बॅटरीला त्याचा फायदा दिसतो. म्हणजे या भांडणात मी मुलीच्या बाजूने. खरंच वेगळा हवा असेल तर फायरफॉक्स, त्याचं इंजिन स्वतःचं आहे, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन पूर्ण ताकदीने अजून चालतं, क्रोममध्ये आता त्याची लाईट आवृत्तीच उरलीय, आणि विंडोजवर मेमरी संपत आली की फायरफॉक्स २०२१ पासून जुने टॅब आपोआप उतरवतो. त्याचा पण टास्क मॅनेजर आहे, मेनूमध्ये मोअर टूल्समध्ये.

पण आधी आहे त्याच क्रोममध्ये शिफ्ट एस्केप दाबून बघा आणि वरच्या तीन ओळींचा फोटो काढून मला पाठवा. सोबत रॅम किती, विंडोज की मॅक, आणि बॅटरीचा त्रास की स्पीडचा एवढं लिहा. पुढच्या अंकात उत्तर देतो.